एसआयपीएमने अतिमंद प्रकाश मोजताना: आधी अंधार मोजा, मग दिवा लावा

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसआयपीएम, हातात आला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सेन्सर जोडतात, बायस (सेन्सर चालवायचं व्होल्टेज) देतात, समोर एलईडी लावतात आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे स्कोपवर, पल्स शोधत बसतात. पल्स दिसतात, पण त्या एलईडीच्या, डब्यातल्या फटीतून आलेल्या उजेडाच्या, सेन्सरच्या स्वतःच्या गोंगाटाच्या की पंख्याच्या रेग्युलेटरच्या, ते सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी आलेख काढला की तो कशाशीच जुळत नाही.

चूक क्रमात असते. हा सेन्सर एकेक फोटॉन ओळखू शकतो, म्हणून त्याला अंधारात काय दिसतं ते आधी मोजावं लागतं. एलईडी या लेखात आठव्या टप्प्यावर येतो, आणि त्याआधीचे सात टप्पे गाळू नयेत असं मी कळकळीने सांगेन.

उदाहरणासाठी हामामात्सुचा एस१३३६०–३०५०सीएस धरला आहे: ३ मिमी × ३ मिमी क्षेत्रफळ, ५० मायक्रॉनचे ३६०० सेल. प्रत्येक सेल म्हणजे एका फोटॉननेही पेटणारा, म्हणजे प्रवाहाचा लोंढा सोडणारा, सूक्ष्म अॅव्हलांच डायोड, त्याला विझवणाऱ्या स्वतःच्या क्वेंचिंग रेझिस्टरसह, आणि सगळे समांतर जोडलेले. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

१. एसआयपीएम खरंच लागतो का ते ठरवा

४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा एक नॅनोवॅट म्हणजे सेकंदाला साधारण २.३ अब्ज फोटॉन. इतका प्रकाश सतत येत असेल तर साधा फोटोडायोड आणि चांगला ट्रान्सइम्पिडन्स अॅम्प्लिफायर (प्रवाहाचं व्होल्टेज करणारा) पुरतो, आणि तेच योग्य. त्याच प्रकाशात एसआयपीएममधून २०० मायक्रोअॅम्पिअरच्या वर प्रवाह वाहील, तो तापेल आणि त्याचा गेन (पकडलेल्या एका फोटॉनमागे मिळणारे इलेक्ट्रॉन) सरकत राहील.

एक पिकोवॅट म्हणजे सेकंदाला २३ लाख फोटॉन. आपल्या सेन्सरचा अंधारातला स्वतःचा दर २५ अंश सेल्सिअसला साधारण ५ लाख पल्स प्रतिसेकंद असतो. म्हणजे सतत येणारा मंद प्रकाश याहून कमी असेल तर तो गोंगाटात बुडू लागतो. एसआयपीएम खरा कामाला येतो तो झटक्यात येणाऱ्या प्रकाशासाठी, म्हणजे सिंटिलेटरमधली (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थातली) चमक, चेरेन्कोव्ह प्रकाश (अतिवेगवान भारित कणांमुळे माध्यमात निघणारा), लेसरची पल्स. प्रकाश केव्हा येणार हे माहीत असलं की १०० नॅनोसेकंदांची खिडकी उघडून बाकीचा गोंगाट बाहेर ठेवता येतो. मदुराईच्या मिनी-आयकॅल या कण-डिटेक्टरभोवतीच्या म्यूऑन व्हेटोसाठी (आकाशातून येणारे म्यूऑन कण ओळखून बाजूला काढणाऱ्या कवचासाठी) टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, गटाने सिंटिलेटर, फायबर आणि एसआयपीएम अशीच जोडी निवडली आहे.

मोठा सेन्सर घेण्याचा मोह आवरा. अंधारातला दर क्षेत्रफळाबरोबर वाढतो. प्रकाश एक मिलिमीटरच्या फायबरमधून येत असेल तर १.३ मिमीचा सेन्सर घ्या, गोंगाट पाचपटीहून अधिक कमी होईल.

२. हाताळणी आणि सोल्डरिंग

मनगटाला अर्थ पट्टा बांधा. सेन्सरच्या काचेसारख्या पृष्ठभागाला बोट लावू नका. वरचा थर बहुधा सिलिकोन किंवा इपॉक्सीचा असतो, म्हणून तो अॅसिटोनने कधीही पुसायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ, धागे न सुटणारं कापड, तेवढंच.

सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून अॅनोड आणि कॅथोड ओळखा. डेटाशीटमधली आकृती वरून काढली आहे की खालून, हे नेमकं उलटं वाचलं जातं.

सोल्डरनंतर पिनांमधला फ्लक्स नीट धुवा. दमट हवेत फ्लक्सच्या थरातून गळतीचा प्रवाह वाहतो. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये हा प्रवाह नॅनोअॅम्पिअरच्या घरात जातो आणि सहाव्या टप्प्यातला आलेख बिघडवतो.

*तपासा:* डायोड मोडवर एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास, दुसऱ्या दिशेने ओपन.

३. अंधारा डबा

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाही हवा.

डबा शक्यतो धातूचा घ्या, म्हणजे उजेड आणि विद्युत गोंगाट दोन्ही अडतात. आतून मॅट काळा रंग द्या. झाकणाची कड नुसती सपाट टेकलेली नको. झाकणाला खाली वळलेली किनार हवी, म्हणजे आत येणाऱ्या उजेडाला दोन वळणं घ्यावी लागतात.

केबलसाठी भोक पाडून त्यातून वायर ओढून वर टेप चिकटवणं ही सर्रास होणारी चूक आहे. वायरच्या आवरणातून, विशेषतः पांढऱ्या आणि पारदर्शक आवरणातून, प्रकाश आत जातो. भिंतीवर बीएनसीचा फीडथ्रू (भिंतीतून आरपार जाणारा केबलचा कनेक्टर) बसवा.

काळा टेप डोळ्याला काळा दिसतो, पण हा सेन्सर ९०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे इन्फ्रारेडमध्येही पाहतो. काही काळी प्लास्टिकं आणि टेप तिथे चक्क पारदर्शक असतात. माझा एक डबा असाच होता. दिवसा दर जास्त, रात्री कमी, आणि मी दोन दिवस तापमानाला दोष देत होतो. शेवटी टेपवर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल दाबून बसवली आणि दर तिथल्या तिथे खाली आला. तेव्हापासून प्रत्येक जोडावर आधी फॉइल, वर टेप.

डब्याच्या आत काय ठेवता तेही पाहा. पांढरा कागद, काही प्लास्टिकं, पांढरा एलईडी, हे सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात राहिलं की झाकण लावल्यावरही काही काळ मंद चमकत राहतं. आत मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड असेल तर त्यावरचा इवलासा पॉवर एलईडी काढून टाका. त्याच्यावर टेप लावून भागत नाही.

४. बायस सर्किट

या सेन्सरचा ब्रेकडाउन (ज्या व्होल्टेजपासून सेल पेटू लागतात तो) ५३ व्होल्टच्या आसपास (नगानुसार पाच व्होल्ट इकडे-तिकडे) आणि कामाचं व्होल्टेज त्यावर ३ व्होल्ट. त्या वरच्या ३ व्होल्टला ओव्हरव्होल्टेज म्हणतात. गेन, संवेदनशीलता, गोंगाट, सगळं त्यावर ठरतं. म्हणून ५६ पैकी ५३ व्होल्ट विसरा आणि तीन व्होल्टच्या हिशेबाने विचार करा. ५६ मध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही, पण ३ मध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे सतरा टक्के.

जोडणी अशी: पॉवर सप्लायमधून १० किलोओहम, तिथून कॅथोड. कॅथोडपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. अॅनोडपासून ग्राउंडला १ किलोओहम, आणि अॅनोडवरूनच ५० ओहम इनपुटच्या अॅम्प्लिफायरला.

इथे चार चुका वारंवार होतात.

पहिली कपॅसिटरची. ड्रॉवरमध्ये सापडणारा '१०४' सिरॅमिक बहुधा ५० व्होल्टचा असतो आणि आपण ५६ देणार आहोत. १०० व्होल्टचा घ्या.

दुसरी अॅनोडच्या १ किलोओहमची. अॅम्प्लिफायरच्या इनपुटला आत कपॅसिटर असेल तर अॅनोडला डीसी वाटच उरत नाही. अॅनोड तरंगत वर चढतो आणि सेन्सरवर बायस राहत नाही. सप्लायवर ५६ व्होल्ट दिसतात आणि पल्स मात्र एकही नाही.

तिसरी बायसच्या रेझिस्टरची. 'सुरक्षित राहील' म्हणून १० किलोओहमऐवजी १ मेगाओहम लावतात. मग १ मायक्रोअॅम्पिअर वाहिला की १ व्होल्ट तिथेच पडतो, म्हणजे तिनातला एक गेला.

चौथी मोजण्याची. मल्टिमीटरचा इनपुट १० मेगाओहम असतो. तो कॅथोडवर लावला की ५.६ मायक्रोअॅम्पिअर ओढतो आणि १० किलोओहमवर ५६ मिलिव्होल्ट पडतात. मीटर काढला की व्होल्टेज पुन्हा वर. म्हणून मीटर रेझिस्टरच्या सप्लायकडच्या बाजूला लावा.

सप्लाय कुठला? आपल्या कॉलेजांमध्ये असतो तो ड्युअल ०–३० व्होल्टचा, दोन्ही चॅनेल सिरीजमध्ये जोडून, चालतो. त्याच्या डिस्प्लेवर विसंबू नका, मल्टिमीटरने मोजा. स्वस्त बूस्ट मॉड्यूल टाळा, त्यांच्या स्विचिंगचा गोंगाट थेट सिग्नलमध्ये उतरतो. शांत स्रोत हवा असेल तर ९ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा. नव्या बॅटऱ्या प्रत्येकी ९ पेक्षा थोडं जास्तच देतात, त्यामुळे एकूण आधी मोजा आणि लागलं तर पोटेन्शिओमीटरने खाली आणा.

५. पहिल्यांदा व्होल्टेज देताना

खोलीतला दिवा बंद, डबा बंद, सप्लायची करंट लिमिट कमीत कमी. सेन्सरबरोबर आलेल्या चिठ्ठीवर त्या नगाचं २५ अंशांचं व्होल्टेज लिहिलेलं असतं. ते आधी वहीत उतरवून घ्या, चिठ्ठ्या हरवतात.

आता व्होल्टेज हळूहळू चढवा. ५० च्या आधीच मिलिअॅम्पिअरमध्ये प्रवाह दिसला आणि सेन्सरच्या दोन टोकांमध्ये जेमतेम व्होल्टभर उरला, तर सेन्सर उलटा लागला आहे. तिथेच थांबा.

*सावधान:* बायस चालू असताना झाकण उघडू नका. १० किलोओहममुळे सेन्सर सहसा वाचतो, पण तापतो, आणि उघड्या उजेडानंतर बराच वेळ त्याचे आकडे स्थिर राहत नाहीत.

स्कोप ५० ओहम टर्मिनेशनवर ठेवा. साध्या स्कोपला ती सोय नसते, मग ५० ओहमचा फीडथ्रू लावा, नाहीतर प्रत्येक पल्सच्या मागे तिचं प्रतिबिंब दिसेल आणि ते आफ्टरपल्स (त्याच सेलची मागाहून येणारी खोटी पल्स) समजलं जाईल. एका फोटॉनचा पल्स किती मोठा? गेन १७ लाख, म्हणजे भार ०.२७ पिकोकूलॉम. पन्नास ओहमवर हा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही लहान दिसतो. शंभरपट अॅम्प्लिफिकेशननंतर तीस-चाळीस मिलिव्होल्ट, तेव्हा तो डोळ्याला दिसतो.

स्कोपला पर्सिस्टन्स मोडवर ठेवा. एका उंचीचा दाट पट्टा, त्याच्या बरोबर दुप्पट उंचीवर विरळ पट्टा, क्वचित तिसरा, आणि मधल्या जागा मोकळ्या, असं दिसलं की सर्किट बरोबर आहे. पट्टे नसून नुसता भरलेला ढग दिसला तर पुढे जाऊ नका. अॅम्प्लिफायरचा गोंगाट, ग्राउंड लूप किंवा बाहेरचा पिकअप शोधा. खोलीतला इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर बंद करून पाहा. दर १० मिलिसेकंदांनी येणारा फटकारा तिथलाच असतो.

गळतीची तपासणी आता करा. अर्ध्या फोटॉनच्या उंचीवर थ्रेशोल्ड (याहून उंच पल्सच मोजायची, अशी मर्यादा) ठेवून दहा सेकंद मोजा, खोलीतला दिवा एकदा बंद, एकदा चालू. दहा सेकंदांत ५० लाख पल्स म्हणजे सांख्यिकीची चूक अर्ध्या टक्क्याच्या दहाव्या भागाइतकीच. पण अंधारातला दर दर आठ-दहा अंशांना दुप्पट होतो, म्हणजे एका दशांश अंशाला जवळजवळ एक टक्का हलतो. म्हणून एकदाच बंद-चालू करून निष्कर्ष काढू नका. बंद, चालू, बंद, चालू असं पाच वेळा करा. दर दिव्याबरोबर वर-खाली होत असेल तर डबा गळतो. नुसता एकाच दिशेने सरकत असेल तर ते तापमान आहे. गळत असेल तर टॉर्च घेऊन एकेक जोड तपासा, टॉर्च फटीवर आला की दर उडी मारतो.

६. ब्रेकडाउन स्वतः मोजा

चिठ्ठीवरचा आकडा २५ अंशांचा आहे, तुमची खोली नाही.

अॅम्प्लिफायर काढा. अॅनोडच्या १ किलोओहमच्या जागी १०० किलोओहम लावा आणि त्यावर साधा मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट रेंजवर. ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे १ नॅनोअॅम्पिअर, यासाठी महागडा पिकोअॅमीटर लागत नाही. ५० व्होल्टपासून ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबा. रेझिस्टरांवर पडलेलं व्होल्टेज वजा करायला विसरू नका.

आधी शून्याजवळ घोटाळणारा आकडा एका जागी वळतो आणि चढू लागतो. कामाच्या व्होल्टेजला तो दहा-पंधरा मिलिव्होल्टच्या आसपास असेल. प्रवाहाचं वर्गमूळ काढून व्होल्टेजसमोर मांडा, सरळ रेष मिळते आणि ती शून्याला जिथे छेदते ते ब्रेकडाउन. वळण स्पष्ट नसेल तर अगदी मंद, स्थिर उजेड आत सोडून पुन्हा मोजा.

*तपासा:* चिठ्ठीवरच्या व्होल्टेजमधून ३ वजा करा, तापमानाचा फरक अंशाला ५४ मिलिव्होल्टने जुळवा. तुमचा आकडा त्याच्या ०.२ व्होल्टच्या आत हवा.

७. अंधाराचा जिना

अॅम्प्लिफायर आणि १ किलोओहम परत लावा. आता थ्रेशोल्ड तळापासून वर नेत प्रत्येक ठिकाणी दर मोजा आणि लॉग मापावर आलेख काढा. जिना दिसतो: सपाट, मग घसरण, पुन्हा सपाट.

पहिली पायरी (अर्ध्या फोटॉनची उंची) म्हणजे डार्क काउंट. दुसरी (दीड फोटॉनची) भागिले पहिली, म्हणजे क्रॉसटॉक: एका सेलच्या पेटण्यात निघालेल्या प्रकाशाने शेजारचा सेल पेटण्याची शक्यता. ३ व्होल्टवर ती साधारण ३ टक्के यायला हवी. थोडी जास्त आली तर घाबरू नका. ५ लाख दराने २० नॅनोसेकंदांत दोन स्वतंत्र पल्स योगायोगाने एकावर एक येण्याची शक्यताच एक टक्का असते, ती वजा करा. क्रॉसटॉक दहा टक्के आला तर ओव्हरव्होल्टेज तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. सहाव्या टप्प्यावर परत जा.

सिग्नल वाढवायला ओव्हरव्होल्टेज वाढवणं सोपं वाटतं. पण संवेदनशीलता हळूहळू वाढून थबकते, आणि डार्क काउंट, क्रॉसटॉक, आफ्टरपल्स वाढतच राहतात. सिग्नल मोठा हवा असेल तर अॅम्प्लिफायर वाढवा.

८. आता एलईडी

निळा एलईडी घ्या, पांढरा नको. पांढऱ्यातलं फॉस्फर पल्स संपल्यावरही चमकतं. फंक्शन जनरेटरवरून १० नॅनोसेकंदांची पल्स, सेकंदाला हजार. स्कोपला ट्रिगर जनरेटरच्या सिंक आउटपुटवरून द्या. सिग्नलवरून ट्रिगर दिला तर ज्या वेळी एकही फोटॉन आला नाही त्या घटना नोंदल्याच जात नाहीत, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या आहेत.

पहिली तपासणी: एलईडीवर फॉइलची टोपी घाला, बाकी काही हलवू नका. ट्रिगरच्या जागी अजूनही काही दिसत असेल तर तो प्रकाश नाही, एलईडीच्या वायरमधून आलेला विद्युत पिकअप आहे. वायर पिळा, शील्ड करा, दूर न्या. ही तपासणी न करता काढलेले कितीतरी 'सिग्नल' मी पाहिले आहेत.

टोपी काढा. प्रत्येक ट्रिगरला १०० नॅनोसेकंदांच्या गेटमध्ये पल्सचं क्षेत्रफळ मोजा आणि हिस्टोग्राम करा. एलईडी इतका मंद करा की सरासरी एक-दोन फोटॉनच नोंदले जावेत. समान अंतरावरची शिखरं दिसतील: शून्य, एक, दोन, तीन. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे तुमचा गेन.

फोटॉन मोजताना सरासरी क्षेत्रफळाला या अंतराने भागू नका. त्यात क्रॉसटॉक आणि आफ्टरपल्स मिसळलेले असतात. शून्याचं शिखर वापरा, कारण जिथे काहीच पेटलं नाही तिथे क्रॉसटॉकही नसतो. १०,००० ट्रिगरपैकी २२३१ शून्य आले, तर २२३१/१०,००० चा नैसर्गिक लॉग, चिन्ह बदलून: सरासरी १.५. मग एलईडी बंद करून तेवढेच ट्रिगर घ्या. समजा ९५१२ शून्य आले, म्हणजे अंधाराचे ०.०५. उरले १.४५. ४५० नॅनोमीटरला हा सेन्सर साधारण ४० टक्के फोटॉन पकडतो, म्हणजे प्रत्यक्षात पडले सरासरी ३.६.

प्रकाश वाढवत गेलात तर ३६०० ही संख्या लक्षात ठेवा. एका सेलवर एका क्षणी दोन फोटॉन आले तरी पल्स एकच. काहीशे सेल पेटू लागले की प्रतिसाद सरळ रेषेपासून वाकायला लागतो.

९. तापमान

एसी बंद पडला, खोली २४ वरून ३१ अंशांवर गेली. ७ गुणिले ५४, म्हणजे ब्रेकडाउन ३७८ मिलिव्होल्ट वर सरकला, ओव्हरव्होल्टेज तेवढंच कमी झालं, गेन साडेबारा टक्के पडला. सेन्सरला टेकून एक थर्मिस्टर लावा (हवेत लोंबता नको) आणि प्रत्येक मोजणीबरोबर तापमान नोंदवा. लांब मोजणीत तापमानाप्रमाणे बायस सरकवत राहा. ला पाल्मा बेटावरच्या फॅक्ट या गॅमा-किरण दुर्बिणीने २०११ पासून उघड्या आभाळाखाली एसआयपीएम वापरले, तिथेही बायस असाच सतत जुळवावा लागला.

गोंगाट कमी करायला पेल्टिएने (विजेवर एक बाजू थंड आणि दुसरी गरम करणाऱ्या चकतीने) थंड करायचं असेल तर आधी दवबिंदू बघा. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तो २४ अंशांच्या आसपास असतो. चारच अंश थंड केलं की सेन्सरवर पाणी. ५६ व्होल्टच्या पिनांमध्ये पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. सीलबंद डबा, आत ताजं भाजलेलं सिलिका जेल, आणि ते निळं आहे तोवरच कूलिंग चालू. पेल्टिएच्या गरम बाजूची उष्णता डब्याबाहेर काढायला विसरलात तर तासाभरात सगळं होतं त्याहून गरम होतं.

१०. बंद करताना

एलईडी बंद. त्यानंतर पाच मिनिटं पुन्हा अंधाराचा दर मोजा आणि सुरुवातीच्या आकड्याशेजारी लिहा. तापमान तेच असताना दोन्ही जुळले नाहीत तर त्या दिवसाच्या नोंदींवर पेन्सिलने खूण करा. मग पेल्टिए बंद करून सेन्सर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बायस शून्यावर आणा, मीटरवर एक व्होल्टच्या खाली दिसेपर्यंत थांबा, आणि मगच झाकण उघडा.